दिल्ली–नागपूर–मुंबई : एका रात्रीच्या प्रवासाचे अंतर आणि वेळ

इतिहासाच्या तासाला सनावळ्या पाठ होतात; अंतरे मात्र कोणी पाठ करीत नाही. ‘६ डिसेंबर १९५६, दिल्ली, महापरिनिर्वाण’ आणि ‘७ डिसेंबर १९५६, मुंबई, अंत्यसंस्कार’ या दोन नोंदी आपल्या निवासी शाळेतील पाचवीचा विद्यार्थीही बिनचूक सांगतो. या दोन तारखांच्या मधे एक रात्र आहे आणि या दोन शहरांच्या मधे अर्धा देश आहे, याकडे आपले लक्ष सहसा जात नाही. ती रात्र कोणत्या वाटेने, किती किलोमीटर आणि किती तासांत ओलांडली गेली, असा प्रश्न आम्ही वर्गात विचारतो तेव्हा हुशार विद्यार्थी तत्काळ उत्तर देतात, “सर, अकराशे चाळीस किलोमीटर, दोन तास.” उत्तर आजच्या दिवसापुरते बरोबर आहे. १९५६ सालासाठी त्यातला एकही आकडा उपयोगी पडत नाही. आणि त्या वेळी परभणी जिल्ह्यात राहणाऱ्या आपल्या आजा-पणजांसाठी तर तो प्रश्नच निराळा होता. प्रस्तुत लेखात त्या एका रात्रीचा हिशेब आम्ही मांडणार आहोत. त्यासाठी थोडा भूगोल, थोडे गणित आणि बराचसा इतिहास लागेल.

अंतर मोजावे कसे?

दोन शहरांमधील अंतर ही एकच एक संख्या आहे, असा विद्यार्थ्यांचा समज असतो. वस्तुतः रेल्वेचे अंतर निराळे, सडकेचे निराळे आणि आकाशातले निराळे. रेल्वे डोंगर टाळते, नदीवर सोयीची जागा पाहून पूल बांधते, जंक्शनसाठी वळसा घेते. विमानाला डोंगर-नदीची अडचण नाही. म्हणून हवाई अंतर हे पृथ्वीच्या गोलावरील लहानात लहान अंतर धरतात. वर्गातल्या पृथ्वीगोलावर एका शहरापासून दुसऱ्या शहरापर्यंत दोरा ताणून धरला की तो ज्या रेषेवर बसतो ती ही वाट होय. भूगोलाच्या पुस्तकात तिला बृहद्‌वृत्ताचा कंस म्हणतात.

दोऱ्याऐवजी गणितही करता येते, आणि आपल्या देशापुरते ते दहावीच्या विद्यार्थ्याला सहज जमते. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. रेखांशाचा एक अंश विषुववृत्तावर तेवढाच असतो. पण उत्तरेकडे जावे तशा रेखावृत्ताच्या रेषा जवळ येत जातात. पंचविसाव्या अक्षांशावर तो एक अंश सुमारे १०१ किलोमीटर भरतो, आपल्या परभणीच्या आसपास १०५. आता दिल्ली २८.६ उत्तर अक्षांश व ७७.२ पूर्व रेखांशावर आहे, नागपूर २१.१ व ७९.० वर. अक्षांशांतला फरक साडेसात अंश, म्हणजे सुमारे ८३२ किलोमीटर. रेखांशांतला फरक १.८ अंश, म्हणजे सुमारे १८२ किलोमीटर. या दोन बाजू काटकोनात धरून पायथागोरसच्या प्रमेयाने कर्ण काढला की उत्तर सुमारे ८५० किलोमीटर येते. त्याच रीतीने नागपूर ते मुंबई सुमारे ६८५ आणि दिल्ली ते मुंबई सुमारे ११४० किलोमीटर भरते. पृथ्वी सपाट नाही, त्यामुळे या रीतीत थोडी चूक राहते. एवढ्या अंतराला ती नगण्य आहे.

हे तीन आकडे वहीत लिहून ठेवावेत. ८५० अधिक ६८५ म्हणजे १५३५. दिल्लीहून सरळ मुंबईला न जाता नागपूरमार्गे गेल्यास सुमारे ३९५ किलोमीटरचा वळसा पडतो. ६ डिसेंबरच्या रात्री हाच वळसा घेतला गेला.

दोन तास कशाचे?

आज दिल्ली ते मुंबई विमान प्रत्यक्ष आकाशात सुमारे दोन तास असते. वेळापत्रकात मात्र याहून अधिक वेळ छापलेला आढळतो. त्याचे कारण असे की विमान कंपनी वेळ मोजते ती चाकांखालचे अडसर काढून विमान जागचे हलल्यापासून ते दुसऱ्या विमानतळावर पुन्हा अडसर लागेपर्यंत. धावपट्टीकडे सावकाश जाणे, रांगेत थांबणे, चढणे, उतरणे, मुंबईवर गर्दी असेल तर आकाशात घिरट्या घालणे, हे सारे त्यात येते. म्हणून जेट विमानाचा वेग ताशी आठशे किलोमीटरच्या वर असूनही ‘अंतर भागिले वेग’ या सूत्राने आलेले उत्तर वेळापत्रकाशी कधी जुळत नाही. त्यात वाऱ्याचीही भर पडते. हिवाळ्यात उत्तर भारतावर दहा-बारा किलोमीटर उंचीवरून पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात. पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानाला ते समोरून अडवतात, पूर्वेकडे जाणाऱ्याला पाठीमागून ढकलतात. एकाच वाटेवर जाण्याचा वेळ आणि येण्याचा वेळ सारखा का नसतो, याचे उत्तर बहुतेक वेळा येथे सापडते.

१९५६ साली हा जेटचा वेग भारताच्या अंतर्गत विमानसेवेत नव्हता. १९५३ मध्ये आठ खाजगी विमान कंपन्या एकत्र करून सरकारने इंडियन एअरलाइन्सची स्थापना केली होती. त्या आठांत आपल्या निजामी मुलखातली, हैदराबादची डेक्कन एअरवेज ही कंपनीही होती. या नव्या महामंडळाच्या ताफ्यात सर्वांत मोठी संख्या डकोटा विमानांची. दुसऱ्या महायुद्धात सैनिक व रसद वाहण्यासाठी ती हजारोंच्या संख्येने बनविली गेली आणि युद्धानंतर स्वस्तात विकली गेली. दोन पंखे, पिस्टनची इंजिने, ताशी वेग साधारण २७० किलोमीटर. आत हवेचा दाब राखण्याची सोय नसल्याने ती ढगांच्या वर फार उंच जाऊ शकत नसत. दोन-तीन किलोमीटर उंचीवरून, हवेचे धक्के खात जात. टर्बाइनवर चालणारी व्हायकाउंट विमाने आपल्याकडे १९५७ मध्ये आली. म्हणजे ६ डिसेंबर १९५६ च्या रात्री भारतातल्या आकाशात उतारू विमान असेल तर ते या पिस्टन-पंख्यांच्या पिढीतलेच.

या वेगाने हिशेब करू. दिल्ली ते नागपूर ८५० किलोमीटर, म्हणजे तीन तासांहून थोडे अधिक. नागपूर ते मुंबई ६८५ किलोमीटर, सुमारे अडीच तास. नुसत्या उड्डाणाचेच पावणेसहा तास झाले. नागपूरचा मुक्काम धरून सारी रात्र. त्या मानाने सरळ मुंबईला गेल्यास सव्वाचार तास पुरले असते, आणि डकोटाच्या पल्ल्यात ते अंतर सहज बसणारे होते. मग नागपूरला का जावयाचे?

मध्यरात्रीचे नागपूर

याचे एक उत्तर टपाल खात्याकडे आहे. १९४९ मध्ये भारतात रात्रीची हवाई टपाल योजना सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री एकेक विमान निघे आणि चारही विमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर येऊन मिळत. तेथे टपालाच्या थैल्यांची आणि उतारूंची अदलाबदल होई, आणि प्रत्येक विमान पहाटेच्या आत आपल्या शहरी परत जाई. दिल्लीत संध्याकाळी पेटीत टाकलेले पत्र दुसऱ्या दिवशी मुंबईत वाटले जाई ते या व्यवस्थेमुळे. नागपूर देशाच्या मध्यावर आहे, हे वाक्य आपण भूगोलात वाचतो. या योजनेत ते रोज रात्री बारा वाजता प्रत्यक्ष खरे होत असे. रात्री दिवे लावलेली, माणसे जागी असलेली, इंधन व वायरलेस सज्ज असलेली धावपट्टी मध्य भारतात हवी तर ती सोनेगावची. दिल्लीहून रात्री मुंबईला जाणाऱ्या विमानासाठी नागपूर ही रुळलेली वाट होती.

पण आपल्यासाठी नागपूरचा अर्थ टपालापुरता नाही. ५ आणि ६ डिसेंबरच्या मधल्या रात्री दिल्लीच्या २६, अलीपूर रोड या निवासस्थानी बाबासाहेबांचे झोपेतच महापरिनिर्वाण झाले. सकाळी ही वार्ता बाहेर आली. संसदेत पंतप्रधान नेहरूंनी आदरांजली वाहिली आणि सभागृहाचे कामकाज तहकूब झाले. पार्थिव मुंबईला न्यावयाचे ठरले. तत्कालीन दळणवळण मंत्री जगजीवन राम यांनी विमानाची व्यवस्था केली. दिल्लीतील अंत्ययात्रेला विमानतळापर्यंत पोहोचावयास कित्येक तास लागले, कारण रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसे उभी होती. रात्री विमान निघाले, नागपूरला उतरले, आणि ७ डिसेंबरच्या पहाटे, उजाडण्यापूर्वी मुंबईच्या सांताक्रूझ विमानतळावर पोहोचले.

त्या रात्री सोनेगावला जो जनसमुदाय लोटला होता तो कोण होता, हे समजण्यासाठी ५६ दिवस मागे जावे लागते. ११ ऑक्टोबर १९५६ रोजी सकाळी बाबासाहेब, माईसाहेब आणि त्यांचे सहायक नानकचंद रत्तू हे दिल्लीहून विमानाने नागपूरला आले होते. तेच ८५० किलोमीटर, तीच धावपट्टी. त्यानंतर तीन दिवसांनी, अशोक विजयादशमीच्या दिवशी, १४ ऑक्टोबरला दीक्षाभूमीवर लाखो लोकांनी धम्मदीक्षा घेतली. सोनेगावला मध्यरात्री डिसेंबरच्या थंडीत उभे असलेले लोक हे दीक्षा घेऊन ५३ दिवस झालेले लोक होते. इतिहासाच्या अभ्यासकाने या ठिकाणी क्षणभर थांबले पाहिजे. एकाच हवाई वाटेवरचे हे दोन प्रवास, आणि दोहोंच्या मधे दोन महिनेही नाहीत.

वळशाचे ३९५ किलोमीटर आपण वर मोजले. वेळेच्या भाषेत ते सुमारे दीड तासाचे उड्डाण होय. तेवढ्या खर्चात नागपूरकरांना अंत्यदर्शन झाले. विदर्भातल्या ज्या माणसाला मुंबईला जाणे शक्य नव्हते, त्याच्यासाठी मुंबई ६८५ किलोमीटरवरून सोनेगावच्या फाटकापर्यंत आली. अंतर नेहमी प्रवाशानेच कापावयाचे असते, असे नाही.

परभणीहून मुंबई

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. परभणी जवळजवळ मुंबईच्याच अक्षांशावर आहे. दोहोंत अक्षांशाचा फरक पाव अंशाहूनही कमी. रेखांशाचा फरक ३.९ अंश. त्याला १०५ ने गुणले की सुमारे ४१० किलोमीटर येतात. नकाशावर परभणीपासून डावीकडे आडवी रेघ ओढली की ती मुंबईला जाऊन लागते. दिल्ली–नागपूर–मुंबई या वाटेच्या तिसऱ्या हिश्शाहूनही हे अंतर कमी आहे.

परंतु परभणीला विमान नव्हते. आजही नियमित उतारू विमानसेवा नाही. होती ती रेल्वे, आणि तीही निजामाच्या काळी हैदराबादच्या सोयीने आखलेली. हैदराबाद ते मनमाड हा गोदावरी खोऱ्याचा मार्ग एकोणिसाव्या-विसाव्या शतकाच्या सांध्यावर सुरू झाला. तो मीटरगेज होता. मनमाडहून मुंबईकडे जाणारा लोहमार्ग ब्रॉडगेज. रुळांची रुंदी निराळी असल्याने डबा पुढे जाऊ शकत नसे. माणसाने उतरावे, वळकटी डोक्यावर घ्यावी, पूल ओलांडावा आणि दुसऱ्या गाडीची वाट पाहावी. परभणी ते मनमाड सुमारे २९० किलोमीटर आणि मनमाड ते मुंबई २६०, असे एकूण ५५०. सरळ रेषेतले ४१० किलोमीटर रुळांवर ५५० झाले. मीटरगेजची सरासरी ताशी तीस किलोमीटर धरली तर मनमाडपर्यंत दहा तास लागतात. पुढे कसाऱ्याचा घाट उतरून मुंबई गाठावयास सहा. मनमाडच्या फलाटावरचे तास वेगळे.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे विभाजन होऊन मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. त्याआधी परभणीकरांची राजधानी हैदराबाद होती; ती गाडी न बदलता, सव्वातीनशे किलोमीटरवर. नवी राजधानी साडेपाचशे किलोमीटरवर आणि मधे मनमाड. महापरिनिर्वाणाच्या दिवशी मुंबई आपली राजधानी होऊन नेमके पाच आठवडे झाले होते. आपल्या लोकांच्या पायांना ही वाट अजून सवयीची झालेली नव्हती. कोर्टकचेरी, दवाखाना, व्यापार, कामधंदा या सर्वांसाठी लोक पिढ्यान्‌पिढ्या पूर्वेकडे जात आलेले होते. मुंबईच्या गिरण्यांत माणसे पाठविणारे जिल्हे कोकणातले व घाटावरचे. त्यांच्याकडे दादर-परळला उतरावयास चाळ होती, भाऊबंद होते. परभणीच्या खेड्यातल्या शेतमजुराला मुंबईत कोण होते?

ऑक्टोबरात नागपूरला जाणाऱ्यांची वाट तुलनेने बरी होती. आपल्याच जिल्ह्यातल्या पूर्णा जंक्शनवरून हिंगोलीपर्यंत मीटरगेज जात असे. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातच होते; ते १९९९ मध्ये वेगळे झाले. शिवाय दीक्षेची तारीख आधी जाहीर झालेली होती. ज्याला जावयाचे त्याला तयारीला दिवस मिळाले. भाकरी बांधून, पैसे उसने घेऊन, गटागटाने निघता आले.

६ डिसेंबरला कोणालाही आगाऊ सूचना नव्हती. वार्ता सकाळनंतर पसरली आणि ७ डिसेंबरच्या संध्याकाळी दादरला चितेला अग्नी दिला गेला. मधे जेमतेम ३६ तास. त्यांतून वार्ता पोहोचण्याचा वेळ वजा करावयाचा. परभणीचे आकाशवाणी केंद्र अजून निघाले नव्हते, ते पुढच्या दशकातले. खेड्यात रेडिओ असला तर तो एखाद्या वाड्यात किंवा चावडीत. तार येत असे ती रेल्वे स्थानकावर व तालुक्याच्या कचेरीत.

आता तीन माणसे कल्पनेने उभी करून त्यांचा हिशेब करू. हा गणिताचा नमुना आहे, कोणाची हकीकत नव्हे. पहिला परभणी शहरात, स्थानकापासून हाकेच्या अंतरावर राहणारा. त्याला दुपारी वार्ता कळली, संध्याकाळची गाडी मिळाली, खिशात तिकिटाचे पैसे असले, मनमाडला पुढची गाडी लगेच लागली, तर तो दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दादरला उतरेल. सारे काही जुळून आले तरच. दुसरा औरंगाबादला मिलिंद महाविद्यालयात शिकणारा परभणी जिल्ह्यातला विद्यार्थी. त्याला मनमाड अवघे ११३ किलोमीटर. त्याच्या हाती परभणीकरापेक्षा सहा तास अधिक आहेत. बाबासाहेबांनी नागसेनवनात उभ्या केलेल्या महाविद्यालयाने आपल्या मुलांना मुंबईच्याही जवळ आणून ठेवले होते, हे येथे सहज दिसून येते. तिसरा जिंतूर तालुक्यातल्या खेड्यातला सालगडी. जिंतूरला रेल्वे नाही. परभणी स्थानक चाळीस किलोमीटरवर. बैलगाडी तासाला चार किलोमीटर चालते. दहा तास स्थानकापर्यंतचेच झाले. त्याच्या गावी वार्ता ७ तारखेच्या सकाळी आली असेल तर तो दुधन्याच्या किंवा पूर्णेच्या काठानेच कुठेतरी चालत असेल, तेव्हा दादरची चिता विझत आलेली असेल.

दिल्लीहून पार्थिवाने १५३५ किलोमीटर एका रात्रीत कापले. जिंतूरच्या माणसाला त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढ्या वाटेला दीड दिवस हवा होता आणि तो त्याच्याकडे नव्हता. आमच्या मते त्या दिवसाचा मराठवाड्यापुरता इतिहास लिहावयाचा तर तो दादरच्या गर्दीपासून सुरू करून चालणार नाही. जे पोहोचू शकले नाहीत त्यांच्यापासून तो सुरू करावा लागेल. दादरला कोण होते हे छायाचित्रांत दिसते. सेलू, मानवत रोड, पूर्णा या स्थानकांच्या फलाटांवर कोण ताटकळले, आणि कोणत्या गावच्या पारावर माणसे नुसतीच बसून राहिली, याचे छायाचित्र नाही.

मुंबईतल्या शेवटच्या अंतराची नोंदही येथेच करून ठेवू. दादरच्या हिंदू कॉलनीतील ‘राजगृह’ ते आजची चैत्यभूमी, सरळ मोजल्यास जेमतेम दोन किलोमीटर. मोकळ्या पायी अर्धा तास. ७ डिसेंबरला दुपारी राजगृहातून निघालेली अंत्ययात्रा परळ-नायगावच्या कामगार वस्तीतून वळसा घेत संध्याकाळी समुद्रावर पोहोचली. तेथे आचार्य अत्रे बोलले. भदन्त आनंद कौसल्यायन यांनी जमलेल्या लाखभराहून अधिक लोकांना धम्मदीक्षा दिली. यशवंतरावांनी अग्नी दिला. रात्री ताशी पावणेतीनशे किलोमीटरने झालेला प्रवास दिवसा मुंगीच्या पावलांनी संपला, आणि तो तसाच संपावा अशी तेथल्या प्रत्येकाची इच्छा होती.

जहाज, विमान आणि आपले घर

विद्यार्थी येथे एक रास्त शंका काढतात : बाबासाहेब विदेशी गेले ते विमानाने की जहाजाने? १९१३ साली ते कोलंबिया विद्यापीठात गेले तेव्हा जहाजाशिवाय दुसरा मार्गच अस्तित्वात नव्हता. पहिल्या गोलमेज परिषदेसाठी ते ४ ऑक्टोबर १९३० रोजी ‘व्हाइसरॉय ऑफ इंडिया’ या जहाजाने मुंबईहून निघाले आणि १८ तारखेला लंडनला पोहोचले. चौदा दिवस. मुंबई ते लंडन हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर. सुएझ कालव्यातून, जिब्राल्टरला वळसा घालून समुद्राची वाट त्याच्या दीडपटीहून लांब. पुढे १९४६ च्या ऑक्टोबरात अस्पृश्यांच्या राजकीय हक्कांची बाजू मांडण्यासाठी ते पुन्हा लंडनला गेले ते विमानाने. एअर इंडिया इंटरनॅशनलचे मुंबई–लंडन हे पहिले उड्डाण मात्र त्यानंतरचे, ८ जून १९४८ चे. कैरो व जिनिव्हा असे थांबे घेत जाणारे. एका आयुष्यात चौदा दिवसांचे दोन-तीन दिवस झाले. आज ते साडेनऊ-दहा तास आहेत.

आता जिंतूर तालुक्यातला आजचा एखादा विद्यार्थी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती मिळवून लंडनला निघाला, असे धरू. गावाहून परभणी दीड तास. परभणीहून मुंबई, रात्रभराची रेल्वे. लोहमार्ग १९९० च्या दशकात ब्रॉडगेज झाल्यामुळे मनमाडला उतरावे लागत नाही, हे मोठे सुख. २०२५ मध्ये जालन्याची वंदे भारत गाडी नांदेडपर्यंत वाढविण्यात आली. ती परभणीकराला सुमारे नऊ तासांत मुंबईला नेते. मग उपनगरी गाडी, विमानतळ, आंतरराष्ट्रीय उड्डाणाच्या तीन तास आधीची हजेरी. बेरीज करून पाहावी. घरापासून विमानाच्या दारापर्यंतचा वेळ हा विमानाच्या दारापासून लंडनपर्यंतच्या वेळेहून अधिक भरतो. म्हणून आम्ही वर्गात सांगतो की ‘दोन शहरांतला वेळ’ हा प्रश्न ज्याचे घर शहरात आहे त्याचा. आपण तिसरा आकडा नेहमी जोडावा : घरापासून पहिल्या शहरापर्यंत.

दरवर्षी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात नांदेड आणि आदिलाबादकडून मुंबईसाठी विशेष गाड्या सुटतात. परभणीच्या फलाटावर पांढऱ्या वस्त्रांतली माणसे, निळे झेंडे आणि भाकरीची गाठोडी दिसतात. १९५६ साली ज्यांना ही वाट पुरी करता आली नाही त्यांची नातवंडे ती आज पुरी करतात. कोणी सांगितले म्हणून नव्हे. गाडी बदलावी लागत नाही, तरी उभ्यानेच जावे लागते हा भाग निराळा.

या लेखासोबत इयत्ता आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी एक काम देत आहोत. १९५६ साली दहा वर्षांचे असलेले आजी-आजोबा आज ऐंशीच्या घरात आहेत. दिवाळीच्या सुटीत गावी गेल्यावर त्यांच्यापाशी बसून पुढील माहिती विचारावी आणि त्यांच्याच शब्दांत उतरून आणावी : गावाचे व तालुक्याचे नाव, बाबासाहेब गेल्याची वार्ता गावात कोणत्या दिवशी, कोणत्या प्रहरी आणि कोणामार्फत आली, गावातून कोणी मुंबईला निघाले का, किती जण, कोणत्या स्थानकावरून, पैसे कोठून उभे केले, पोहोचले का, पोहोचले नसतील तर कोठून परतले. सांगणाऱ्यास घड्याळाची वेळ आठवत नसेल तर ‘गुरे परतण्याच्या वेळी’, ‘दळण चालू असता’ असे जे सांगतील तेच लिहावे. आपल्या मनाने तास घालू नयेत. कोणीच निघाले नव्हते असे उत्तर आले तरी तो कागद कोरा न सोडता, ते वाक्य गावाच्या नावासह लिहून आणावे. गावापासून सर्वांत जवळच्या रेल्वे स्थानकाचे अंतर मात्र प्रत्येकाने स्वतः मोजून, कागदाच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात किलोमीटरमध्ये लिहावयाचे आहे.